बोंडू, चौथा महिना

फळ्यावर नऊ नावं, कारखान्यात बॉयलर एक.
हे मी तीन वर्षं रोज बघत होते
आणि तरी दहावं नाव लिहायला खडू शोधत होते.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उघडणाऱ्या खिडकीखाली माझं कपाट:
फणसाच्या आठळ्यांचं पीठ, कोकमतेलाचं मलम,
सुरंगीच्या वासाचा साबण,
बांगड्याचं लोणचं, ज्याचं पाकीट मागच्या दिवाळीत फुगलं
आणि दाजी केळुसकरांच्या मिशीपर्यंत उडालं.
प्रत्येकाच्या कपाळावर तारीख,
प्रत्येकाच्या पाठीशी कुणीतरी.

त्या कुणीतरीचंच अवघड.
पीठ अध्यक्षांच्या सुनेचं.
लोणचं सत्यवानचं, तो त्याच्याशी बोलतो.
आणि बोंडू माझा.

काजूगर घेऊन जग निघून जातं.
बोंडू झाडाखाली कुजतो: माश्या, गुरं, वास.
तेच मला खुपत होतं.
हंगाम चाळीस दिवसांचा,
पडलेल्या फळाच्या हाती एक दिवस,
दुसऱ्या दिवशी ते हुर्राकाच्या वाटेला लागतं
आणि हुर्राकाला माझी गरज नाही,
त्याचे चाहते आधीपासून ठरलेले.
घशातली खवखव मी साबुदाण्याच्या पेजेनं काढली.
रंग मात्र राहिना.
तीन महिने वाळल्या गवतासारखा सोनेरी,
चौथ्या महिन्यात चहा.
एकशे बारा बाटल्या.
एकशे बारा वेळा चहा.

पुण्याहून आलेल्या सल्लागार म्हणाल्या, गेट हवीत,
पहिलं, दुसरं, तिसरं.
प्रत्येक गेटपाशी प्रकल्पाला अडवून विचारायचं,
तू पुढे कशाला?
मला आमच्या पाणंदीतलं बेडं आठवलं,
तीन आडवे बांबू, सरकवायचे नि पुन्हा लावायचे.
आम्ही बांबू काढून केव्हाच चुलीत घातले होते.
जो येईल तो आत.
परसात नऊ गुरं, पेंढी एक,
आणि सगळ्यांच्या बरगड्या मोजता येतात.

रात्री बसून मी तास मांडले.
लोणच्याला आठवड्याचे साडेचार.
साडेचार तासांत कुठलं पाकीट शिकेल न फुगायला?
साबणाला दोन, तेही शनिवारचे.
सगळ्यांत जास्त कोण खातं,
म्हणून खाली रेघ ओढली.
बेरीज दोनदा केली.
तिसऱ्यांदा केली नाही.

सकाळच्या बैठकीत ओलं फडकं घेऊन उठले.
सत्यवान हळूच म्हणाला, "बाईनू, तुमचोच?"
माझाच.
त्याशिवाय सुनेचं पीठ कुठल्या तोंडानं पुसणार होते?
पुसल्यावर फळ्यावर ओल राहते जरा वेळ,
अक्षरांपेक्षा काळी.
मग पंखा ती वाळवतो.

सून महिनाभर बोलली नाही. अजून फारशी बोलत नाही.
लोणचं मार्गशीर्षात साठ दिवस चपटं पडून राहिलं,
आज्ञाधारक,
आणि सत्यवाननं ते पाकीट उशाशी घेतल्यासारखं
दोन्ही हातांत धरून आणलं.
मी त्याचं कौतुक केलं. खरंच केलं.

उरलेल्या सहा डझन बाटल्या फेकायच्या होत्या.
सोलणी खात्यातली फिलोमिना रिबेलो दारात येऊन उभी:
"माका द्या. चेडवाचा लगीन आसा."
म्हटलं, अगो, रंग गेलाय त्याचा.
"रातचो रंग कोण बघता?"

दर दहावी बाटली तपासली. खराब एकही नव्हती.
फक्त चहासारखी.

चर्चच्या मैदानात माळा लागल्या होत्या, बॅण्ड वाजत होता,
वाऱ्यानं टेबलावरचे कागदी ग्लास आडवे होत होते.
कुडाळचा कुणी पाहुणा,
कपाळावर घाम, शर्टाची दोन बटणं उघडी,
दुसरा ग्लास संपवून मला विचारतो,
कारण मीच शेजारी उभी होते,
"हे कुठे मिळतं हो?"

"मिळत नाही," म्हटलं.

तो तिसरा घेऊन नाचायला गेला.
खडू माझ्या पर्समध्ये होता.
होता, एवढंच सांगते.